राऊच्या घरासाठी, पावसाळ्याआधी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही सहज बोलून गेलात की मागच्या अंगणातल्या संडासच्या टाकीसाठी, म्हणजे सेप्टिक टँकसाठी, एक माणूस सांगून ठेवलाय, आत उतरून हातानं साफ करतो, मैला उपसणाऱ्या गाडीच्या निम्म्या पैशांत होतं. आवाज नीट येत नव्हता, म्हणून तेव्हा फक्त ‘थांबा’ एवढंच म्हटलं. आता सविस्तर लिहिते. त्याला आजच नाही म्हणून सांगा. गाडीचे पैसे मी पाठवते, पण आपल्या टाकीत कुणीही उतरता कामा नये.

त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेले असतात आणि प्राणवायू फार कमी असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास कळेनासाच होतो. म्हणजे ‘आता वास गेला, उतरायला हरकत नाही’ असं म्हणणारा सगळ्यांत जास्त धोक्यात असतो. झाकण सकाळपासून उघडं ठेवलं तरी भरवसा नाही, कारण गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम वर येतो. काडी पेटवून बघणं तर मुळीच नको, मिथेन भडकतो. अशा बातम्या तुम्हीही वाचल्या आहेत: एकजण आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही परत येत नाही. 2013च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे. काम करवून घेणाऱ्यालाही पहिल्याच गुन्ह्यात 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं. त्या माणसाच्या घरीही कुणीतरी जेवायला वाट बघत असेल.

सक्शनची गाडी मागवायची. 14420 हा त्यासाठीचाच सरकारी क्रमांक आहे, नाहीतर नगर परिषदेत विचारा. माणूस बाहेर उभा राहतो, पाइप आत सोडतो, आत कुणी जात नाही. टाकीला दोन कप्पे असतात, दोन्हींची झाकणं उघडायला सांगा. पहिल्यात गाळ जास्त, पण दुसरा विसरायचा नाही. आणि मैला कुठे रिकामा करणार हे विचारून पावती घ्या. आपल्याकडचे नाले शेवटी कान्ह नदीला मिळतात आणि कान्ह क्षिप्रेला. आई, तू ज्या क्षिप्रेवर स्नानाला जातेस तिथे आपल्या घरातलं काही जाऊ नये एवढं तरी आपल्या हातात आहे.

बाबा, तुमचं म्हणणं होतं की टाकी अजून भरलेली नाही, मग एवढी घाई कशाला. इथेच मोठी गल्लत होते. सेप्टिक टँक नेहमीच भरलेली असते. जेवढं पाणी येतं तेवढंच दुसऱ्या टोकाच्या पाइपनं बाहेर जातं, म्हणून पाण्याची पातळी बघून काही कळत नाही. वाढतो तो तळाचा गाळ, आणि वर तरंगणारी तेलकट साय. दोन्ही मिळून टाकीच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेलं की पाण्याला निवळायला जागाच उरत नाही आणि गाळ पाण्याबरोबर बाहेर वाहतो. तो जातो शोषखड्ड्यात, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात. तिथली छिद्रं एकदा बुजली की खड्डा साफ होत नाही, नवा खणावा लागतो. वरून काहीच दिसत नाही, कळतं तेव्हा न्हाणीघरातून पाणी उलटं येत असतं.

म्हणून भरायची वाट न बघता दर दोन-तीन वर्षांनी उपसा करायचा आणि गाळ किती झालाय ते दरवर्षी मोजून घ्यायचं. लांब बांबूला जुना पांढरा टॉवेल गुंडाळून तळापर्यंत नेतात, जिथवर काळा होतो तिथवर गाळ. हे गाडीवाल्याकडून करून घ्या. बाबा, तुम्ही स्वतः झाकण उचलायचं नाही, वाकून आत बघायचं नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसानं तर त्या झाकणाजवळ उभंही राहू नये. उपशात तळाशी थोडा गाळ शिल्लक ठेवायचा, विरजणासारखा. त्यातले जिवाणूच पुढचं काम लवकर सुरू करतात. मग टाकीत पाणी भरून टाकायचं.

इंदूरच्या रामबागेत असताना यातलं काहीच आपल्याला ठाऊक नव्हतं. तिथे सगळं गटाराच्या लाइनीत जायचं आणि पाणी नर्मदेचं, जलूदहून जवळजवळ 70 किलोमीटर पंपांनी चढवून आणलेलं. राऊला आल्यावर पाणी आणणं आणि सांडपाणी मार्गी लावणं, दोन्ही आपल्याच कंपाउंडमध्ये आलं.

त्यात आपली माळव्याची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. या ओढाताणीत पाइपांचे सांधे निसटतात, चेंबरच्या भिंतींना तडे जातात. आणि भिजल्यावर ही माती पाणी शोषत नाही. जो शोषखड्डा मे महिन्यात छान चालतो तोच ऑगस्टमध्ये तुंबतो. म्हणून उपसा रंगपंचमीच्या गेरची मिरवणूक झाल्यावर, अक्षय तृतीयेच्या आत व्हायला हवा. भर पावसात गाडी चिखलात मागच्या अंगणात येणारही नाही. गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप मागच्या चेंबरला जोडलेला आहे, तो याच वेळी तोडून घ्या. एका जोराच्या पावसात ते पाणी टाकीतला गाळ ढवळून थेट शोषखड्ड्यात लोटतं.

आता बोअर. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा निदान 18 मीटर, म्हणजे 60 फूट तरी लांब असावा. आपला किती लांब आहे ते मी आल्यावर टेपनं मोजू. तोवर बोअरचं पाणी फक्त धुण्या-भांड्याला. पावसाळ्यानंतर त्याचा नमुना पीएचईच्या, म्हणजे सरकारी पाणीपुरवठा खात्याच्या, प्रयोगशाळेत द्यायचा, ते काम मी करेन.

आई, तुझ्यासाठी थोडंच. संडासात ॲसिड, फिनेल आणि ब्लीचिंग पावडर ओतणं बंद कर, टाकीतले जिवाणू त्यानं मरतात. साधा साबण आणि ब्रश पुरे. तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये जाऊ देऊ नकोस, थंडीत ते पाइपात गोठतं. ओले वाइप्स, केस, कापूस यांतलं काहीही संडासात नको. पाकिटावर विरघळतात असं लिहिलेले वाइप्ससुद्धा विरघळत नाहीत.

नळांचंही वर्षातून एकदा बघायला हवं. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास कुणी वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं वॉशर गेलंय, पाणी रात्रंदिवस वाहतंय आणि तेच टाकीवर जास्तीचा बोजा टाकतंय. रात्री वरच्या टाकीतल्या पाण्याची रेघ कामवाल्या मुलाकडून आखून घ्या आणि सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघायला सांगा. पाणी खाली गेलं असेल तर कुठेतरी गळती आहे. जिन्याखालचा मेन वॉल्व्ह दर दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद करून उघडा, नाहीतर तो जाम होतो आणि पाइप फुटल्याच्या दिवशी फिरत नाही. गीझरमध्ये बोअरच्या पाण्यानं क्षार बसतो. दरवर्षी तो काढून घ्या आणि सेफ्टी वॉल्व्ह चालतो का ते मेकॅनिकला तपासायला सांगा. संडासच्या टाकीचा उंच हवेचा पाइप आहे, त्याची जाळी फाटली असेल तर बदला, डासांचा मोठा उगम तोच. आणि वरची टाकी धुवायला बाबांनी शिडीवर चढायचं नाही. हे मी आईला साक्षीला ठेवून लिहितेय.

प्लंबरकाकांशी मी बोलले आहे. होळीनंतर कुठल्याही रविवारी ते येतील. गाडीचा दिवस तुम्ही ठरवून मला कळवा, म्हणजे मी रजा त्याप्रमाणे घेते आणि त्या दिवशी तिथे असते. त्या माणसाला तुम्ही शब्द दिलाय, त्याची मजुरी बुडायला नको. परसातली झाडं छाटायची आहेत, गच्चीची गटारं मोकळी करायची आहेत. ते काम त्याला द्या, ठरलेल्या पैशांत. आणि तो टाकीत उतरण्याची इतर घरची कामंही घेतो का ते विचारा. घेत असेल तर मी आल्यावर त्याच्याशी बोलेन.

आईच्या पाठीला शेक चालू आहे ना? बाबा, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या.

तुमची लेक