हुकूमशहा हटवण्याची चर्चा करताना गोवा कसा विसरता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाचा अग्रलेख वाचून लगेच लिहायला बसणार होतो, पण रागाच्या भरात लिहू नये म्हणून एक दिवस जाऊ दिला. राग काही गेलेला नाही. इराक आणि लिबिया एवढी दोनच नावं घेऊन आपण निकाल देऊन टाकलात की, बाहेरची फौज घुसवून हुकूमशहाची सत्ता उलथल्याने कुठल्याही जनतेचं कधीच भलं झालेलं नाही. हे दूर कुठेतरी छापून आलं असतं तर मी पान उलटलं असतं. पण आपला अंक बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वाचला जातो. इथल्या माणसांसमोर असं लिहिताना गोवा मुक्त झाला तो १९६१ चा डिसेंबर आपल्याला एकदाही आठवला नाही?

इराकबद्दल आपण लिहिलंत त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. ज्या संहारक शस्त्रांच्या नावाने २००३ मध्ये युद्ध पुकारलं ती शस्त्रं सापडलीच नाहीत. सद्दामची राजवट पडल्यावर मे महिन्यात अमेरिकेच्या प्रशासकाने इराकचं अख्खं सैन्य एका आदेशाने मोडीत काढलं. लाखो प्रशिक्षित-अनुभवी सैनिक हत्यार आणि रिकामं पोट घेऊन घरी गेले, त्याची फळं त्या देशाने पुढे किती वर्षं भोगली ते सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी आपलंही सैन्य तिकडे पाठवा म्हणून वॉशिंग्टनहून आग्रह चालला होता. जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने स्पष्ट नकार दिला. मराठा रेजिमेंटचं सेंटर असलेल्या आमच्या बेळगावात त्या नकाराने किती घरांनी सुटकेचा श्वास घेतला असेल! इराकची माती आमच्या पलटणींना नवीन नाही. १९१६ साली तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात इंग्रजांच्या सैन्याबरोबर मराठा पलटणीही उपाशी अडकल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी बगदाद घेतल्यावर इंग्रज सेनापतीने जाहीर केलं होतं की, आम्ही जिंकायला नव्हे, मुक्त करायला आलो आहोत. तेव्हा मुक्तीच्या नावाने किती खोटं बोललं जातं हे मला आपण शिकवण्याची गरज नाही.

पण खोटी नाणी निघाली म्हणून खरं नाणंच नसतं, असं म्हणता येत नाही.

सालाझार १९३२ पासून पोर्तुगालचा पंतप्रधान होता, १९६८ पर्यंत. त्याचे राजकीय पोलीस स्वतःच्या देशातल्या लोकांना तुरुंगात कुजवत होते, गोव्यातल्या लोकांना तर विचारायलाच नको. गोव्यात सभा बंद, वृत्तपत्रावर सेन्सॉर. डॉ. लोहियांनी १९४६ च्या जूनमध्ये मडगावला सभा घ्यायचा प्रयत्न केला तर त्यांना धरलं. भारत स्वतंत्र झाल्यावर इंग्रज गेले, पुढे फ्रेंचांनीही पाँडिचेरी सोडली, सालाझार मात्र गोवा म्हणजे पोर्तुगालचाच प्रांत म्हणत बसला. नेहरूंनी चौदा वर्षं बोलणी केली, वाट पाहिली. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून गेले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वीसहून अधिक माणसं त्या दिवशी मेली. त्यानंतर रेल्वे बंद, व्यवहार बंद, आणि आमच्या लोंढ्याच्या पुढची गाडी थांबली ती थांबलीच.

आमचे वडील त्या सत्याग्रहात होते. कॅसलरॉककडून जी माणसं गेली त्यांच्यात तालुक्यातली पुष्कळ होती. काखेत भाकरी, हातात तिरंगा, बाकी काही नाही. पोर्तुगीज शिपायांनी त्यांना पकडून बंदुकीच्या दस्त्यांनी मारलं आणि रात्री हद्दीबाहेर आणून टाकलं. वडिलांचा डावा हात मनगटाजवळ वाकडा झाला तो शेवटपर्यंत. नांगराची मूठ त्यांना त्या हाताने पुन्हा नीट धरता आली नाही.

आता खरं दुःख सांगतो. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनमध्ये गोवा मुक्तीचा लढा धरला जातो हे कळल्यावर वडिलांनी अर्ज केला. सहा महिने तुरुंगात असल्याचा दाखला आणा, असं उत्तर आलं. ज्यांना मारून हद्दीबाहेर फेकलं, त्यांनी कुठल्या तुरुंगाचा दाखला आणायचा? एका कार्यालयाने सांगितलं, तुमचा लढा गोव्यासाठी, तिकडे जा. तिकडच्या कार्यालयाने सांगितलं, तुम्ही कर्नाटकचे रहिवासी, आमच्याकडे कसे आलात? एका साहेबांनी तर अर्ज मराठीत आहे म्हणून हातात घेतला नाही, कन्नडमध्ये लिहून आणायला लावला. लिहून नेला, तोही फायलीत गेला. वडील गेले. फाईल अजून आहे, तिला वाळवी लागली नसेल तर.

हे मी पैशासाठी सांगत नाही. हुकूमशाहीविरुद्ध बाहेरची फौज न्याय्य की अन्याय्य, हे ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की तिथली माणसं आधी स्वतः उठली होती का, मार खात होती का, मदत मागत होती का. गोव्यातली माणसं उठली होती. गोवा मुक्तीसाठी लढणारे मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात होते, गोवा मुक्त झाल्यावरही १९६९ पर्यंत सुटले नाहीत. गोव्यातून परागंदा झालेले कितीतरी कार्यकर्ते बेळगावात राहून काम करत होते, इथल्या घरांनी त्यांना जेवू घातलं. आपल्या अग्रलेखात या माणसांना जागा नाही. आपल्या लेखी दोनच पात्रं, हुकूमशहा आणि परकी फौज. मधली जनता कुठे गेली?

१९६१ मी शाळकरी वयात डोळ्यांनी पाहिला. लोंढ्याच्या बाजूला लष्करी गाड्यांची रांग संपता संपत नव्हती, शाळेत गुरुजींनीही शिकवणं सोडून दिलं होतं. सतराव्या डिव्हिजनचं मुख्यालय बेळगावात होतं. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून हंटर विमानं उडाली आणि गोव्यातलं बांबोळीचं वायरलेस केंद्र बंद पडलं. १८ डिसेंबरला सैन्य आत गेलं, १९ ला संध्याकाळी गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आला. सालाझारने त्याला शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नको, असा हुकूम पाठवला होता. त्या गव्हर्नरने तो मानला नाही, म्हणून गोवा बेचिराख झाला नाही. त्यासाठी सालाझारने पुढे त्याला सैन्यातून काढून टाकलं. हुकूमशहा कसा असतो याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सुरक्षा परिषदेत १८ डिसेंबरलाच भारताविरुद्ध ठराव आला, सात मतं पडली, रशियाने नकाराधिकार वापरला म्हणून तो बारगळला. म्हणजे त्या वेळीही जगातले शहाणे आजच्या आपल्यासारखंच बोलत होते.

कुणी म्हणेल, गोवा ही वसाहत होती, आणि सालाझार तर लिस्बनमध्ये तसाच राहिला. बरोबर आहे. त्याला तिथून काढायचं काम पोर्तुगीजांचं होतं, आणि १९७४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्याच सैनिकांनी त्याची राजवट मोडली. आपण आपल्या हद्दीतलं काम केलं आणि थांबलो. १९७१ मध्येही तेच. पाकिस्तानच्या याह्या खानाने निवडणुकीचा निकाल पायदळी तुडवला, एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०४ देशांनी युद्ध थांबवा म्हणून मत दिलं. आमच्या मराठा रेजिमेंटची जंगी पलटण त्या वेळी जमालपूरला लढत होती. आणि १९७२ च्या मार्चमध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून परतलंसुद्धा. टांझानियाने १९७९ मध्ये युगांडाच्या इदी अमीनला पळवून लावलं, व्हिएतनामने कंबोडियाच्या पोल पॉटला; पुढे तिथे सगळं सुरळीत झालं असं नाही, युगांडात नंतरही रक्त सांडलं. पण त्या दोघांना तसंच राहू द्यायला हवं होतं असं आपण छातीठोकपणे लिहू शकता का?

गोव्यात १९६३ ला निवडणूक झाली. १९६७ च्या जानेवारीत जनमत कौल घेतला, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. सुमारे चौतीस हजार मतांच्या फरकाने त्यांनी महाराष्ट्र नाकारला. आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांना ते झोंबलं, तरी मान्य करावं लागलं, कारण विचारलं होतं. आम्हाला मात्र १९५६ मध्ये कन्नड राज्यात घातलं तेव्हापासून कुणी विचारलेलं नाही. सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला, अहवाल आला, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, आणि सत्तर वर्षांत एक मतपेटी आमच्यापुढे कुणी ठेवली नाही. आपण यावर अग्रलेख लिहिता तेही फक्त एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाच्या बातमीखाली.

आपल्याला एक विनंती आहे. येत्या १९ डिसेंबरच्या अंकात खानापूर, बेळगाव, चंदगड भागातून १९५५ च्या सत्याग्रहात गेलेल्या माणसांची नावं छापा. गावोगावच्या घरांत ती अजून तोंडपाठ आहेत, वार्ताहर पाठवलात तर पंधरा दिवसांत यादी होईल. सरकारी दाखला नाही म्हणून कुणाचं नाव गाळू नका. आणि हे पत्र छापणार असाल तर कापताना पेन्शनचा परिच्छेद ठेवा, बाकी काय कापायचं ते कापा.

आपला,
एक जुना वाचक
ता. खानापूर, जि. बेळगाव