खटला जिंकूनही हात रिकामे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक व्यापारावरील आपल्या अग्रलेखात, नियमांवर चालणाऱ्या व्यवस्थेमुळे लहान देशांनाही बड्या देशांविरुद्ध दाद मागता येते, असे म्हटले आहे. दाद मागता येते हे खरे. ती पदरात किती पडते, याचा विचार मात्र अग्रलेखात आलेला नाही. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर आलेली तंटा निवारण यंत्रणा त्याआधीच्या गॅट या जागतिक व्यापारविषयक कराराच्या काळातील व्यवस्थेपेक्षा निश्चितच बरी होती, कारण पूर्वी हरलेला देशच निकाल अडवून धरू शकत असे. अडचण निकालानंतर सुरू होते. हरलेल्या देशाने निकाल पाळला नाही, तर जिंकलेल्या देशाच्या हाती अखेरीस एकच शस्त्र उरते: त्या देशाच्या मालावर जादा शुल्क लावणे किंवा त्याला दिलेल्या अन्य सवलती रोखणे. हे शस्त्र चालते ते मोठी बाजारपेठ असलेल्यांच्याच हातात.

कापसाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये तक्रार केली, २००४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि २००५ मध्ये तो अपिलातही टिकला. तरीही अनुदानांत पुरेसा बदल होईना, तेव्हा लवादाने २००९ मध्ये ब्राझीलला अशा प्रत्युत्तराची मुभा दिली. पुढच्याच वर्षी ब्राझीलने जादा शुल्क लावायच्या अमेरिकी मालाची यादी जाहीर केली, अमेरिकी बौद्धिक संपदेचे (पेटंट, कॉपीराइट यांसारखे) हक्क स्थगित करण्याचीही तयारी दाखवली आणि वॉशिंग्टन लगोलग वाटाघाटींना बसले. ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठीच्या निधीत वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे अमेरिकेने मान्य केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. म्हणजे स्वतःच्या शेतकऱ्यांचे अनुदान सोडवत नाही म्हणून अमेरिकी करदात्याने परक्या शेतकऱ्यांनाही पैसे मोजले! यात विनोद आहे, पण तो ज्यांच्या वाट्याला आला त्यांना हसू येण्यासारखा नाही.

ते म्हणजे बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली. अनुदानित कापसामुळे जागतिक भाव पडतात तेव्हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील या चार देशांच्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही तीच झळ बसते. बेनिन आणि चाड ब्राझीलच्या खटल्यात त्रयस्थ पक्ष (स्वतः वादी-प्रतिवादी नसलेले, पण हितसंबंध असलेले देश) म्हणून सहभागी होते, आणि चौघांनी २००३ मध्ये संघटनेपुढे स्वतंत्र मागणीही मांडली होती. २००५ च्या हाँगकाँग परिषदेत श्रीमंत देशांनी कापसावरील निर्यात अनुदाने बंद करण्याचे कबूल केले. मात्र देशांतर्गत अनुदान, जे खरे दुखणे होते, ते पुढच्या वाटाघाटींवर ढकलले गेले आणि तिथेच राहिले. वरील रकमेतून या चौघांना थेट भरपाईही मिळाली नाही. मालीने उद्या अमेरिकी यंत्रांवर जादा शुल्क लावले, तर अमेरिकेला त्याचा पत्ताही लागणार नाही. यंत्रे महाग होतील ती मालीलाच.

अँटिग्वा आणि बार्बुडा या चिमुकल्या कॅरिबियन देशाने तर ऑनलाइन जुगाराच्या वादात अमेरिकेविरुद्ध खटला जिंकला. २००७ मध्ये लवादाने त्याला वर्षाला २ कोटी १० लाख डॉलरपर्यंत प्रत्युत्तराचा हक्क दिला, आणि तो बौद्धिक संपदेच्या क्षेत्रात वापरण्याची औपचारिक परवानगी २०१३ मध्ये मिळाली. हा हक्क आजतागायत कागदावरच आहे.

अल्पविकसित देश या यंत्रणेची पायरी चढत नाहीत, यात मग नवल ते काय? त्यांच्यापैकी तक्रारदार म्हणून पुढे आलेला देश एकच, बांगलादेश. आणि २००४ मधली त्याची तक्रार कोणा महासत्तेविरुद्ध नव्हती, तर बॅटऱ्यांवरील अँटिडम्पिंग शुल्काबद्दल (परदेशी माल वाजवीपेक्षा स्वस्तात विकला जातो म्हणून लावलेल्या जादा शुल्काबद्दल) भारताविरुद्ध होती. ती सामोपचाराने मिटली, हे भारताच्या बाजूने नमूद करायला हवे. त्यातच अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका रोखून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून निकालांवरील अपिले ऐकणारे संघटनेचे अपील मंडळ ठप्प आहे. हरलेल्या देशाने अपील केले की निकाल तिथेच अडकतो. गॅटचा जुना रोग दुसऱ्या दाराने परत आला आहे.

यावरचे उपाय कुणाला सुचले नाहीत असे नाही. भरपाई रोख रकमेत द्यावी आणि दुबळ्या देशाच्या वतीने इतर सदस्यांनी एकत्रितपणे प्रत्युत्तर द्यावे, अशी सूचना ब्राझील आणि उरुग्वे यांनी गॅटपुढे १९६५ मध्येच केली होती. २००२ मध्ये आफ्रिकी गटाने ती पुन्हा मांडली. यंत्रणेच्या सुधारणेची चर्चा सध्या अपील मंडळ कसे चालू करायचे याभोवतीच फिरते आहे. आपल्या दैनिकाने यापुढे या विषयावर लिहिताना, मंडळ पूर्ववत झाल्यावरही मालीच्या हाती काय लागणार, हा प्रश्न वाचकांपुढे मांडावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक