सूचना : स्तंभांना एफआरपी आवरण गुंडाळण्यापूर्वी

सर्व सभासद अभियंत्यांना कळविण्यात येते की, काँक्रीटच्या स्तंभांना कार्बन किंवा काचतंतूंचे एफआरपी (तंतूंनी बळकट केलेले प्लॅस्टिक) आवरण गुंडाळताना पृष्ठभागाच्या तयारीत घाई करू नये. चौकोनी स्तंभाचे कोपरे किमान 13 मिलिमीटर त्रिज्येने गोल घासून घ्यावेत, कारण धारदार कोपऱ्यावर ताण एकवटून तंतू वेळेआधीच तुटतात. शिवाय गोल स्तंभाला चहूबाजूंनी सारखा मिळणारा आवळ (आवरणाचा काँक्रीटवरील बाहेरून दाब) चौकोनी स्तंभात मुख्यतः कोपऱ्यांपाशीच मिळतो, हे संकल्पनात (डिझाइनमध्ये) धरावे. सळया गंजल्या असल्यास सुटे काँक्रीट काढून, गंज साफ करून आधी दुरुस्ती करावी. गंजावर आवरण चढवणे म्हणजे केवळ दोष झाकणे होय, आणि ते कदापि करू नये. आवरण चिकटवणारे इपॉक्सी हे राळ उष्णतेने मऊ पडते, त्यामुळे अग्निसुरक्षेचा विचारही संकल्पनाच्या टप्प्यावरच करावा.