डबल बेल

नाशिक, 9 नोव्हेंबर

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र काहून, असं आई म्हणेल. आई, फोनवर आपलं काय होतं ते तूच बघ. मी बाबांना विचारते, उत्तर तू देतेस आणि स्वरयंत्र काढल्यापासून आवाज नसलेले बाबा मोबाइलच्या पाठीवर नखानं वाजवतात. एकदा वाजलं की थांब, दोनदा वाजलं की चालू दे. तीस वर्षं एस.टी.त दोरी ओढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागलं नाही. पण बेलवर गाडी चालते, गप्पा चालत नाहीत. पत्रात बाबांना आणि मला सारखीच जागा आहे, म्हणून पत्र.

बाबा, दिवाळीत झालेलं भांडण अर्धवट राहिलं. तुम्ही चिनूच्या जादूच्या पाटीवर लिहिलंत, "लोकांच्या पैशानं बोलायचं नाही मला." मी उत्तर देईपर्यंत खटका ओढून पुसूनही टाकलंत. भांडण जिंकायची ही तुमची नवी पद्धत झाली आहे. आता हे पत्र काही पुसता येणार नाही.

आधी दवाखान्यातल्या त्या दिवशीचं सांगते, कारण आई तेव्हा बाहेर औषधांच्या रांगेत होती. स्पीच थेरपिस्ट बाईंनी ते टॉर्चसारखं यंत्र तुमच्या गळ्याला लावलं, थोडं वर, थोडं डावीकडे, असं करत जागा शोधली. इलेक्ट्रोलॅरिंक्स. ते कातडीवर थरथरतं, त्या थरथरीचा आवाज तोंडात पोचतो आणि ओठ-जीभ त्याचे शब्द करतात. त्यांनी एक ते दहा म्हणायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "पुढे सरका." फेब्रुवारीनंतर तुमच्या तोंडून निघालेला पहिला शब्द हा! चिनू हसली, "आजोबा रोबोट झाले." आणि तुम्ही यंत्र टेबलावर ठेवलंत. घरी येऊन पाटीवर, "गल्लीतले कुत्रे भुंकतील."

भुंकू द्या. मानेवाड्यातले कुत्रे पोस्टमनवरही भुंकतात.

राग खरं तर चिनूच्या हसण्याचा नव्हता, किमतीचा होता, हे मला कळतं. दुकानदारानं 42,000 सांगितले. तुमची पेन्शन महिन्याला साडेतीन हजार. मी देते म्हटलं तर लेकीचे पैसे नकोत, सरकारकडे अर्ज करू म्हटलं तर लोकांचे नकोत. मग आयुष्यभर आईनंच बोलायचं का तुमच्या वतीनं? आणि ती काय बोलते ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही चार शब्द लिहिता, ती चाळीस सांगते, त्यातले पंधरा तिचे स्वतःचे. (आई, रागावू नको.)

बाबा, तुम्ही वर्धा गाडीवर असताना मी उन्हाळ्याच्या सुटीत किती वेळा सोबत आले आहे. गणेशपेठहून निघालं की बुटीबोरी, केळझर, सेलू, पवनार. सेलूला एक अंध काका चढायचे. अपंगांना तिकिटात 75 टक्के सवलत, तुम्ही त्यांचं कार्ड बघायचे, ट्रेमधून तिकीट काढायचे, चिमट्यानं टोचायचे. एकदा मागचा कोणीतरी म्हणाला, "फुकटे चढतात." तुम्ही काय म्हणालात ते मला अजून आठवतं: "फुकटं नाही, उरलेले पैसे सरकार भरते. तिकीट पूर्णच असते." आता त्याच माणसाला स्वतःचं सवलतीचं तिकीट हातात घ्यायला लाज काहून वाटावी?

आणि हे कोणाच्या मेहेरबानीवर नाही. 1995 च्या जुन्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. त्यात ऐकू न येणं होतं, वाचेचं नाव नव्हतं. 2016 च्या कायद्यानं सातचे एकवीस केले आणि त्यात वाचा व भाषा दोष वेगळा धरला. मी व्याख्या वाचली. तिथे स्वरयंत्र काढण्याच्या ऑपरेशनचा शब्दशः उल्लेख आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तुमच्यासारखाच कोणी होता. त्याच कायद्यात संवाद म्हणजे काय हेही लिहिलंय, आणि त्यात ब्रेल, खुणांची भाषा यांच्याबरोबर बोलण्याला पूरक आणि पर्यायी साधनंही आहेत.

कायद्यात आलं, पण तिजोरीपर्यंत नीट पोचलं नाही, हे मात्र खरं. ते तुमच्यापासून लपवत नाही. ज्येष्ठांना साधनं देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना बघा. काठी, कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर, चष्मा, कवळी, ऐकायचं यंत्र. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्रीचे 3,000 आले होते, त्यातून तुम्ही कंबरेचा पट्टा घेतला. कंबर तुमची ठणठणीत आहे! यादीत बोलायचं काही नव्हतं म्हणून आईनं जे होतं ते मागितलं. म्हाताऱ्या माणसानं चालावं, बघावं, चावावं, ऐकावं, एवढं सरकारला पटलंय. त्यानं उलट उत्तर द्यावं, हे अजून कोणाला सुचलेलं दिसत नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालंय असंही नाही. अमेरिकेत म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. ज्यांची वाचा गेली त्यांच्यासाठीच्या बोलणाऱ्या यंत्रांना ती 2000 सालापर्यंत पैसे देत नसे. कारण काय, तर ही "सोयीची वस्तू" आहे. म्हणजे व्हीलचेअर ही गरज आणि बोलणं ही सोय. लोक मागे लागले, तेव्हा 1 जानेवारी 2001 पासून ती वैद्यकीय उपकरणांत धरली गेली. पुढे नियमांत अशी पाचर मारली गेली की पेशंट दवाखान्यात किंवा शुश्रूषागृहात गेला की यंत्राचं भाडं बंद, म्हणजे जिथे नर्सला दुखणं सांगायचं तिथेच तो मुका. स्टीव्ह ग्लीसन हा त्यांच्याकडचा फुटबॉलपटू, एएलएस या मज्जातंतूंच्या आजारानं त्याचं शरीर आणि वाचा दोन्ही गेलेली. 2015 मध्ये त्याच्या नावानं कायदा झाला आणि 2018 मध्ये तो कायमचा केला गेला. ज्याची वाचा गेली त्यानंच मागितलं, म्हणून मिळालं. तुमच्या वतीनं मी अर्ज केला तर तो लेकीचा अर्ज होईल.

किंमत हीसुद्धा काही ब्रह्मलिखित नसते. बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी स्वरयंत्र गेलेल्यांसाठी गळ्यातला बोलायचा व्हॉल्व्ह 50 रुपयांच्या आसपास मिळेल असा तयार केला. बाहेरून येणारे हजारोंत जातात. तुमच्या ऑपरेशनमध्ये तो बसत नाही असं डॉक्टर म्हणाले, म्हणून त्याची आशा लावत नाही, पण सांगितलं. आयआयटी मुंबईनं जेलो नावाचं अ‍ॅप केलंय, चित्रावर बोट ठेवलं की मराठीतही बोलतं, आणि फुकट आहे. पण टॅब फुकट नाही. शेजारच्या न बोलणाऱ्या लेकराची आई रोज तिच्या कामाच्या फोनवर ते चालवते. ती कामावर गेली की लेकराची वाचाही कामावर जाते.

आता आपलं. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे. अपंगत्व निदान 40 टक्के हवं, महिन्याचं उत्पन्न 22,500 पर्यंत असलं तर पूर्ण खर्च, 30,000 पर्यंत असलं तर अर्धा. आईचे पापड-कुरडयांचे पैसे धरले तरी आपण पहिल्यात. साधारण वस्तूला 15,000 ची मर्यादा आहे, म्हणजे यंत्राचे सगळे पैसे त्यातून निघणार नाहीत. उरलेल्यासाठी मनपा. राज्यात प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे असतात. समाज विकास विभागात वेगळा अर्ज द्यायचा. छापील अर्जात तुमच्या यंत्राला रकाना नसेल तर "इतर" मध्ये लिहा, ठळक अक्षरात. तुमचं अक्षर वेबिलवरचं, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदावरचं, असल्यामुळे कोणालाही वाचता येतं.

पण सगळ्याआधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी मी इथूनच केली आहे. तपासणीला मेडिकलमध्ये, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, जायचं. ऑपरेशनचे कागद, आधार आणि फोटो निळ्या पिशवीत आहेत. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला तेवढा काढायचा.

आणि बाबा, एकटे जा. मागच्या वेळी एका कार्यालयाच्या खिडकीवरचा माणूस तुमच्याशी ओरडून बोलला, कारण बोलत नाही म्हणजे ऐकूही येत नाही असं त्याला वाटलं. मग त्यानं आईला विचारलं, "काकांना कळतं ना?" तुम्ही मान खाली घातली. दहावीच्या माझ्या निकालावरही तुम्ही एवढी मान खाली घातली नव्हती. या वेळी पाटीवर घरूनच लिहून न्या: "ऐकू येते. हळू बोला." तो वाचेल.

आई, तू त्या दिवशी महाल भागात ताईकडे जा. नाहीतर तू दारातूनच बोलायला सुरुवात करशील. आणि बाबांच्या गळ्यावरचा रुमाल सुती आणि ओला असू दे, आता थंडीत कोरडी हवा गळ्यातल्या छिद्रातून थेट छातीत जाते. तंबाखूचा खर्रा घरात कोणासाठीही आणायचा नाही, भाऊजींसाठीसुद्धा नाही, त्यांना राग आला तर येऊ दे.

मी रविवारी रात्री आठला फोन करते. बाबा, तुम्हीच उचला. जाणार असाल तर डबल बेल. एकच वाजली तर गुरुवारच्या गाडीनं मी नागपूरला येते आणि मेडिकलच्या रांगेत तुमच्या मागे उभी राहते.

तुमची,
मंदा

ता. क. चिनूची पाटी परत पाठवू नका. तिला दुसरी घेतली.