आधी ते मटण टाकून दे

कोल्हापूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस. रविवारी आणलेलं दीड किलो मटण तसंच फ्रीझरमध्ये टाकलंस, गुरुवारी अख्खा गोळा ओट्यावर ठेवून ऑफिसला गेलीस आणि रात्री उरलेलं कच्चं पुन्हा आत ठेवलंस. मला झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

आधी ते मटण टाकून दे. पैशाची हळहळ नको. बर्फात जंतू मरत नाहीत, नुसते थिजून राहतात. ओट्यावर गोळा आत दगडासारखा असतो तेव्हा वरचा थर केव्हाच कोमट झालेला असतो आणि तिथं ते भराभर वाढतात.

वासावर जाऊ नकोस. तू चार वर्षांची होतीस. आखाडात दिवसभर लाइट गेली, खिमा सुटला, रात्री लाइट आल्यावर पुन्हा गोठला. दुसऱ्या दिवशी मी हुंगून पाहिला, चांगला वाटला म्हणून केला. उलट्या-जुलाबांनी तुला दोन दिवस सलाइन लावावी लागली. ती चूक माझी होती, ती तुझ्या घरात व्हायला नको.

मटण आणलंस की चहासुद्धा नंतर. न धुता पाव-पाव किलोचे वाटे कर, जाड पिशवीत भर, हातानं दाबून हवा काढ आणि पिशवी बोटभर जाडीची चपटी कर. पहिल्या रात्री पिशव्या एकावर एक रचू नकोस. मटण जितकं सावकाश गोठतं, तितके आतल्या पाण्याचे खडे मोठे होतात आणि मांसाचे धागे फाडतात. मग सुटताना लाल पाणी वाहून जातं आणि शिजवलेलं मटण कोरडं लागतं. तू म्हणालीस ना, सुकं चोथ्यासारखं झालं? त्यात तुझ्या मसाल्याचा दोष नव्हता. पिशवीत हवा राहिली तर कडा पांढुरक्या, वाळक्या होतात. त्यानं अपाय नाही, तेवढं कापून टाकायचं.

पिशवीवर तारीख घाल. उणे 18 अंशांत खिमा 3-4 महिने आणि मटणाचे तुकडे 6 महिने चांगले राहतात. पण तुझा फ्रीज एकाच दाराचा, त्या कप्प्यात आइस्क्रीमसुद्धा घट्ट राहत नाही. तू पंधरा दिवसांवर काही ठेवू नकोस. कलेजी तर आणशील त्याच दिवशी कर.

करायच्या आदल्या रात्री पिशवी फ्रीजमध्ये सगळ्यात खाली, खोलगट ताटलीत ठेव, म्हणजे पाणी कोथिंबिरीवर गळणार नाही. घाई असली तर बंद पिशवी गार पाण्यात बुडव आणि दर अर्ध्या तासानं पाणी बदल. सुटलेलं सगळं लागणार नसेल तर शिजवून घे आणि निवल्याबरोबर गोठव.

मटण टाकलंस की मला फोन कर. बाबांनी कांदा-लसूण चटणीचा डबा भरून ठेवलाय, पुढच्या आठवड्यात पाठवते.

तुझी,
आई