पोखरण झालं तेव्हा बाबा केळीच्या बागेत

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि. पत्र कशाला, फोन कर ना असं म्हणाल, पण फोनवर बाबा "जेवला का" च्या पुढे जातच नाहीत म्हणून लिहायला बसलो.

छोटीला शाळेत आजी-आजोबांवर प्रोजेक्ट दिलंय. वहीत एका बाजूला देशात काय झालं, दुसऱ्या बाजूला घरात काय झालं. पहिल्याच ओळीला अडलो. बाबा, तुमची जन्मतारीख १ जून १९५०, म्हणजे मास्तरांनी नाव घालताना लिहून टाकलेली, गावातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस त्याच दिवशी! आईचं कॅलेंडर त्याहून सोपं, दुष्काळाच्या आधी आणि दुष्काळानंतर, बस. आई, १९७२ म्हटलं की पुस्तकात रोजगार हमी वगैरे सगळं आहे, पण तो अमेरिकेतून आलेला लाल मिलो (ज्वारीचाच प्रकार), त्याची भाकरी थापता थापता परातीतच तुटायची आणि तू तुकडे जोडून तव्यावर टाकायचीस, हे छोटीला सांगितलं तर ती म्हणे मग पोळी का नाही केली.

पण खरी गंमत १९७४ ची. मला वाटायचं बाबा भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये लागले, रिटायर झाले, विषय संपला. ८ मेला रेल्वेचा संप सुरू झाला, देशभरातले जवळपास १७ लाख लोक, २७ मेपर्यंत चालला, आणि धरपकड चालू म्हणून तुम्ही यावलकडे तुमच्या मामांच्या केळीत, विहिरीजवळच्या खोपीत जाऊन राहिलात हे मला आत्याकडून कळलं (ती अजून नंदुरबारला धुळे जिल्हाच म्हणते, १९९८ ला वेगळा झाला तरी). आता तारीख बघा. १८ मेला पोखरणचा अणुस्फोट. सरकार म्हणालं शांततेसाठी केला, असो, पण तेव्हा तुम्ही केळीला पाणी भरत होतात! दोन्ही एकाच ओळीत लिहिलंय. छोटी विचारते, आजोबांना आवाज आला का?

तुम्हाला कळलं कधी ते? खोपीत ट्रान्झिस्टर होता का, का कोणी भाकर घेऊन येणाऱ्याने सांगितलं? आणि आई, तेव्हा तुमचं लग्न ठरलेलं होतं ना, मग होणारा जावई लपून बसलाय हे तुझ्या माहेरी माहीत होतं का?

रविवारी फोन करतो. आई, फोन बाबांकडे दे आणि बाजूलाच बस, नाहीतर दोन मिनिटांत ठेवून देतील.

तुमचा,
बाळू