मुक्ता कुळागरात

सावईवेरे, फोंडा
श्रावण

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "लेकराला काखेत घेऊन कुळागराचं काम कसं रे उरकतं?" नारळ-सुपारी पाडणारा पाडेली दारात उभा होता, रेंजही जात होती, म्हणून मी "चाललंय" म्हणत विषय संपवला. आज सकाळपासून पावसाने झड धरली आहे आणि मुक्ता झोपली आहे, तर नीट उत्तर लिहितो. खरं सांगायचं तर काम उरकत नाही. पोफळी-माडांच्या या बागेतली जी फेरी तासाभरात व्हायची तिला आता अख्खी सकाळ लागते. आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.

नीलिमाची बाळंतपणाची रजा मेमध्ये संपली, जूनपासून तिची शाळा सुरू झाली. आईचे गुडघे दुखतात. त्यामुळे सकाळी आठ ते दुपारी दोन मुक्ता माझ्याकडे. जुन्या नऊवारीचा झोका छातीशी बांधतो, डोक्याला कानटोपी घालतो आणि पागोळ्या थांबल्या की आम्ही दोघं खाली उतरतो.

पण याची सुरुवात झाली चैत्रात, ती चार महिन्यांची असताना. आमच्याकडे पाणी वरच्या झरीवरून पाटाने येतं, तू पाहिलं आहेस. दिवाळी उलटली की पावसाळा लागेपर्यंत पोफळींना ते सोडावं लागतं, एकेका चरीत पाळीपाळीने. त्या दिवशी आई देवळात गेली होती, म्हणून मुक्ताला घेऊनच गेलो. एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्या हाताने खोऱ्याने मातीचा बांध फोडला. एरवी बांध फोडला की मी लगेच पुढच्या चरीकडे वळतो. पण ती एकाएकी गप्प झाली, अंग ताठ केलं, म्हणून मीही थांबलो.

दत्ता, कोरड्या चरीत पाणी शिरताना कधी नीट बघितलं आहेस का? मी बाबांच्या मागून ते हजारदा सोडलं, पण बघितलं नव्हतं. पाणी आधी दिसतच नाही. दिसतो तो पाचोळा, सगळा एकाच वेळी हललेला. पोफळीची वाळकी पानं, मिरीची देठं, एखादं फूल असा सगळा केर पुढे ढकलत पाणी येतं. त्याच्या कडेला मळकट फेस असतो. माती ते पिते तेव्हा बारीक सुस्कारल्यासारखा आवाज होतो आणि भेगांतून बुडबुडे वर येतात. मुंग्या तोंडात पांढरी अंडी धरून काठावर चढतात. पाणी आळ्यापाशी येऊन क्षणभर अडतं, फुगतं आणि मग वळून आत शिरतं. मुक्ता तोंड उघडं टाकून बघत होती, तिची लाळ माझ्या मनगटावर ओघळत होती. चर भरून पाणी संथ झालं तशी तिने मान फिरवली आणि माझ्या शर्टाचं बटण धरलं. तिला बघायचं होतं ते येणारं पाणी. आलेल्या पाण्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही जवळजवळ प्रत्येक पाळीला गेलो. आई मागून ओरडायची, "पळय गो बाय, उदक कशें व्हांवता तें!"

आधी मी तिला सगळ्याची नावं सांगायचो. हा माड, ही पोफळ, ही तिच्यावर चढलेली मिरी, हे अननस. मग लक्षात आलं, मी माड म्हणतो तेव्हा तिची नजर भलतीकडेच असते, झावळ्यांमधून उन्हाचा ठिपका हलतो तिकडे. आता मी कमी बोलतो. ती जिकडे बघते तिकडे बघतो.

सध्या जायफळं पडताहेत. ही झाडं बाबांनी लावली तेव्हा मी सातवीत होतो. बियांपासून लावलेलं जायफळ नर की मादी हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि साधारण निम्मी नर निघतात. इतकी वर्षं पाणी घालून शेवटी बाबांना बरीचशी काढावी लागली. उरलेली आता ऐन भरात आहेत. फळ पिकलं की फांदीवरच मधोमध चिरतं आणि आत काळपट तपकिरी बीवर लालभडक जायपत्री दिसते. या हिरव्यागार, अंधाऱ्या ओलीत तेवढाच लाल रंग. परवा एक फळ उचलून तिच्यापुढे धरलं. तिने आधी माझा अंगठा पकडला, मग हळूच एक बोट त्या लालावर टेकवलं आणि झटकन काढून घेतलं. पुन्हा टेकवलं. असं किती वेळ चाललं होतं कोण जाणे. करंडीत त्या दिवशी पंधरावीस जायफळं जमली असतील.

गेल्या महिन्यात बोर्डोची दुसरी फवारणी झाली. तो मोरचूद-चुन्याचा फवारा चुकवला तर कोळेरोगाने कोवळ्या सुपारीचा सडा पडतो, म्हणून ती टाळता येत नाही. त्या दिवशी मुक्ता लांब, सोप्यावर आईच्या मांडीत. तिथून तिला पाडेली दिसला. एका पोफळीचं काम झालं की तो खाली उतरत नाही. शेंड्यालाच हेलकावा देतो आणि झाड वाकलं की शेजारची पोफळ धरून तिच्यावर जातो. तो पलीकडे गेला की मुक्ता हसायची, इतकी की शेवटी उचकी लागली. मला मात्र तो माणूस वर असेपर्यंत घास गिळवत नाही. लहानपणापासून असंच आहे.

एकदा माझ्या हातून चूक झाली. आंब्याखाली तिला चटईवर ठेवलं आणि मी केळीचं लोंगर कापायला वळलो. वरून हुमले, त्या तांबड्या चावऱ्या मुंग्या, पडले. दोन चावले, एक पायाच्या बोटाला आणि एक पोटरीला. ती जी किंचाळली ती अजून कानात आहे. आईने खोबरेल चोळलं, तासाभरात सूज उतरली, पण रात्रभर मी तिचा पाय हातात धरून बसलो होतो. आता बसवण्याआधी वर बघतो, फांदीला पानं शिवून केलेलं घरटं आहे का ते.

धनेशाची गोष्ट सांगायची राहिलीच. मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते, तिच्यातून नर फळं भरवतो. हे मला ठाऊक होतं, पण नीलिमाचा सव्वा महिना चालू असताना मी तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर नाचणीचं तिझान घेऊन उभा राहायचो तेव्हा ते खरं कळलं. फेब्रुवारीपर्यंत धनेशांची जोडी रोज आमच्या घरावरून जायची. मग एकटा नरच जाऊ लागला. त्याच्या पंखांचा आवाज लांबून वाफेच्या इंजिनासारखा येतो, आणि पक्षी दिसण्याआधीच मुक्ता मान वर करायची. जूनमध्ये अनंताच्या देवळात तिचं उष्टावण करून आलो त्या संध्याकाळी तीन धनेश गेले. मी आईला हाक मारली. आई काहीच बोलली नाही, हात जोडून उभी राहिली.

त्याच आठवड्यात काजवे होते. ती रडत होती म्हणून रात्री अंगणात आणलं. खाली ओढ्याकडची सगळी झाडं लुकलुकत होती, एकाच वेळी पेटत होती आणि एकाच वेळी विझत होती. रडणं थांबलं. बाबा जाऊन चार वर्षं झाली, पण ते इथेच कुठेतरी आहेत असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं. नीलिमाला हे सांगितलं आहे, आणि आता तुला.

चवथीला या. गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी रानात जायचं आहे, कांगल्यांची फळं पिकू लागली आहेत. आपण लहानपणी पोफळीच्या विरीत, गळलेल्या पानाच्या त्या रुंद बुडात, बसायचो आणि दुसऱ्याने देठाला धरून ओढायचं, आठवतं? काल मुक्ताला तसंच बसवलं, हाताचा आधार देऊन हळूहळू. ओल्या मातीवरून विरी छान सरकते. ती दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मोठे करून बसली होती. तुझ्या सानूसाठी एक चांगली रुंद विरी पडवीत वाळत ठेवली आहे.

तुझा,
सुहास